धनंजयराव गाडगीळ आणि शाळेचा हजेरीपट

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठच्या घोड्यांच्या बाजारासाठी दूरदूरच्या प्रांतांतून व्यापारी येतात आणि आठ-पंधरा दिवस गाव गजबजून जाते. त्याच दिवसांत शहादा, तळोदा, अक्राणी या भागांतील शाळांचे हजेरीपट उघडून पाहावेत. दिवाळीपर्यंत नियमित येणारी काही मुले त्यानंतर एकदम गैरहजर झालेली दिसतात. आजाराने चुकलेली हजेरी तुटक असते, ही सलग असते. नाव पटावर आहे, मूल गावात नाही. आईबाप ऊसतोडीस गेले आणि मूल त्यांच्याबरोबर गेले.

या सलग गैरहजेरीस शिक्षक ‘स्थलांतर’ असे नाव देऊन मोकळा होतो. अर्थशास्त्रज्ञ तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहील: हे कुटुंब का गेले, कोणत्या महिन्यात जाण्याचे ठरले, कोणाकडून पैसे घेऊन ठरले? शेती, कर्ज आणि शाळा यांचा हा हिशेब एकाच माणसाने तपासावा असा योग महाराष्ट्रात एकदा आला. ते गृहस्थ म्हणजे धनंजय रामचंद्र गाडगीळ. सहकारी साखर कारखाना आणि नियोजन आयोग यांच्या संदर्भात त्यांचे नाव बहुतेक शिक्षकांस ठाऊक असते. प्राथमिक शाळेचा त्यांनी केलेला अभ्यास मात्र शिक्षकांच्याच वाचनात क्वचित येतो.

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपुरास आणि उच्च शिक्षण इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे झाले. तेथे लिहिलेला, हिंदुस्थानच्या औद्योगिक स्थित्यंतरावरील त्यांचा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने निघाला आणि पुढे अनेक वर्षे महाविद्यालयांतून अभ्यासला गेला. मुंबई सरकारच्या अर्थखात्यात अल्पकाळ नोकरी केल्यावर पंचविशीतच ते सुरतच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सारंगखेड्यावरून वाहणारी तापीच पुढे सुरतेस जाऊन समुद्रास मिळते, हे भूगोलाच्या तासाला सांगण्याजोगे आहे.

१९३० साली साताऱ्याचे रावबहादुर रावजी रामचंद्र काळे यांच्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. त्या काळी अर्थशास्त्र म्हणजे परदेशी ग्रंथांतील सिद्धांत इकडे लावून पाहणे, अशी समजूत सर्वत्र होती. संस्थेने निराळा मार्ग धरला. पुण्याच्या बाजारात फळे कोठून येतात, अडत किती कापली जाते आणि बागाइतदाराच्या हाती काय उरते, याची पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी १९४० साली निघाली. घरोघर जाऊन विचारावे, लिहून घ्यावे, मोजावे आणि मग मत द्यावे, अशी ही शिस्त होती. मत आधी आणि आकडे मागाहून, हा प्रकार गाडगिळांना मानवत नसे.

हीच शिस्त त्यांनी शाळेस लावली. शाळा सोडलेली माणसे काही वर्षांनी अक्षरओळख विसरतात काय, या प्रश्नाची त्यांनी सातारा जिल्ह्यात पाहणी केली आणि तिचा अहवाल १९४५ साली संस्थेने प्रसिद्ध केला. पुढे वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी त्याच जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाविषयीच्या दोन पाहण्यांचे पुस्तक १९५५ साली प्रसिद्ध केले. त्यातील एक विषय निरक्षरतेकडे पुन्हा वळण्याचा होता, तर दुसरा गळती आणि स्थगिती यांचा. शेतीच्या उत्पन्नाचे गणित मांडणाऱ्या संस्थेने पहिली ते चौथीच्या वर्गांकडे का वळावे, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यात विसंगती काहीच नाही. विहिरीस घातलेला पैसा पाणी देतो की नाही हे ज्या रीतीने पाहावयाचे, त्याच रीतीने शाळेस घातलेला पैसा माणसाच्या अंगी वाचन म्हणून टिकतो की नाही हे पाहावयाचे, एवढेच. दाखल मुलांची संख्या हे शिक्षणाचे माप होऊ शकत नाही; शाळा सुटल्यावर दहा वर्षांनी त्या मुलाला काय वाचता येते, हे खरे माप होय.

गळती मोजताना होणारी एक चूक येथे उदाहरणाने सांगणे इष्ट आहे. समजा, एखाद्या शाळेत पहिलीत ४० मुले दाखल झाली आणि चौथ्या वर्षी चौथीत ३० मुले आहेत. मुख्याध्यापक म्हणेल की गळती १० मुलांची, म्हणजे २५ टक्के झाली. पण त्या ३० पैकी ६ मुले मागच्या तुकडीतील नापास आणि ४ मुले परगावाहून आलेली असतील, तर मूळच्या ४० पैकी चौथीपर्यंत सरळ आलेली मुले केवळ २० ठरतात. उरलेल्या २० पैकी कोणी खालच्या वर्गात अडकले, कोणी दुसऱ्या शाळेत गेले, कोणी शाळाच सोडली, हे जनरल रजिस्टरवरून एकेक नाव शोधल्याखेरीज कळत नाही. बेरजांची वजाबाकी करून गळती निघत नाही. आता मुलास खालच्या वर्गात ठेवण्याची पद्धत प्राथमिक शाळेतून जवळजवळ गेली आहे, त्यामुळे स्थगितीचा आकडा कागदावरून नाहीसा झाला. वाचता न येणारे मूल पाचवीत बसलेले असते, इतकाच काय तो फरक.

दरम्यान गाडगीळांचे शेतीपतपुरवठ्याचे काम चालूच होते. १९४५ सालच्या शेती अर्थपुरवठा समितीचे ते अध्यक्ष होते. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली, तिच्या मार्गदर्शक समितीवरही ते होते. १९५४ साली निघालेल्या तिच्या अहवालाने देशास एक आकडा दिला. शेतकरी जे कर्ज घेत, त्यातील केवळ ३.१ टक्के सहकारी संस्थांकडून मिळे आणि सुमारे ७० टक्के सावकारांकडून. एवढ्यावरून सहकार मोडीत काढावा, असा निष्कर्ष मात्र समितीने काढला नाही. सरकारच्या भागीदारीने तो उभा करावा, आणि कर्ज, विक्री व प्रक्रिया यांची सांगड घालावी, असे तिने सुचविले.

ही सांगड प्रत्यक्षात कशी घालतात हे गाडगीळांनी स्वतः करून पाहिले होते. नगर जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना काढण्याचे मनावर घेतले, तेव्हा या प्राध्यापकाने त्याचे अध्यक्षपद पत्करले आणि सुमारे दहा वर्षे सांभाळले. प्रवरा कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. त्या धर्तीवर महाराष्ट्रभर सहकारी कारखाने निघाले. शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगर येथे पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना हा त्याच परंपरेतला.

या यशाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पाठ पुरा होणार नाही. ऊस पिकविणारा शेतकरी कारखान्याचा सभासद झाला. ऊस तोडणारा सभासद झाला नाही. त्याचे नाव मुकादमाच्या वहीत राहिले. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी तेथील मोजणी. सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी कुटुंबे तोडीस दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे जातात. बारडोली भागातील या ‘खानदेशी’ मजुरांचा अभ्यास यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने केला आहे. पावसाळ्यात घरातला दाणा संपतो, मुकादम खावटी किंवा उचल देतो, आणि ती फेडण्यासाठी दिवाळीनंतर गाव सोडावा लागतो. म्हणजे मूल शाळेतून कार्तिकात गेलेले दिसले, तरी त्याचे जाणे श्रावणातच ठरलेले असते. गाडगीळांच्या समितीने मोजलेले कर्ज आणि त्यांच्या संस्थेने मोजलेली गळती या दोन निराळ्या बाबी नव्हेत, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके पुण्यासही दिसले नसेल.

गाडगीळांचा उत्तरकाळ थोडक्यात असा. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि राज्यसभेचे सदस्यत्व यानंतर १९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राचे साहाय्य कोणत्या प्रमाणात द्यावे याचे ‘गाडगीळ सूत्र’ चौथ्या योजनेपासून लागू झाले. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येस होता. उरलेला भाग मागास राज्यांचे दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि खास अडचणी यांत प्रत्येकी १० टक्के असा वाटलेला होता. यापूर्वी हे साहाय्य ठराविक नियमावाचून, रदबदलीने वाटले जात असल्याची तक्रार होती. एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेने घ्यावी, ही अग्रणी बँक योजना त्यांच्या अध्यक्षतेखालील १९६९ च्या अभ्यासगटाच्या विचारातून आली. ३ मे १९७१ रोजी दिल्लीहून परतीच्या प्रवासातच त्यांचे निधन झाले. ज्या आयोगाचे ते उपाध्यक्ष होते, तोही २०१५ च्या आरंभी नीती आयोगास जागा देऊन इतिहासजमा झाला.

आता शाळेपुरते. हजेरीपट तपासणीच्या दिवसासाठी लिहावयाचा कागद आहे, अशी समजूत काही शाळांतून आजही दिसते. शिक्षकाने एक साधी वही वेगळी ठेवावी. तीत मुलाचे नाव, गाव सोडल्याची तारीख, कुटुंब कोठे गेले ते ठिकाण, परतल्याची तारीख आणि परतल्यावर त्याला वाचता काय येते ते लिहावे. उचल कोणत्या महिन्यात घेतली, हे आईबापांनी आपणहून सांगितले तरच टिपावे. चौकशीचा सूर लागला की माणसे खरे सांगत नाहीत, हा सर्व पाहणीकारांचा अनुभव आहे. तीन हंगामांची नोंद झाल्यावर कोणती घरे दरवर्षी जातात आणि कोणती एखाद्या कोरड्या सालीच जातात, हे आपोआप वेगळे होईल. हंगामी वसतिगृहाची मागणी करताना ‘बरीच मुले जातात’ असे लिहिण्यापेक्षा श्रावणातच नावांची यादी जोडता येईल, आणि आजीआजोबांपाशी कोणते मूल राहू शकते हे मुकादम गावात येण्यापूर्वी ठरविता येईल. जी मुले तरीही जातील त्यांच्याबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यावे. बारडोलीकडील शाळेत ते वाचणारा शिक्षक गुजराती असणार, तेव्हा त्यावर मुलाची इयत्ता आणि त्याला कोठपर्यंत वाचता येते, एवढे दोन शब्द गुजराती लिपीत लिहून द्यावेत. नंदुरबार आणि नवापूर भागांत ती लिपी जाणणारे माणूस शोधावयास लांब जावे लागत नाही.