घरी बांधायची होडी : आराखड्याची निवड

प्रस्तावना

नर्मदेच्या काठी वसलेल्या जबलपूरला होडी ही काही नवलाची वस्तू नाही. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून होड्या फिरतात, ग्वारीघाटावर त्या माणसांना पैलतीरी नेतात. अशा गावी राहणाऱ्या एखाद्या हौशी माणसाला आपल्या हातांनी लाकडाची लहान होडी बांधावीशी वाटली, तर ते स्वाभाविकच आहे. एकट्याने बसून, दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीला ‘कयाक’ असे म्हणतात. घरी बांधण्यासाठी बरेच जण हीच होडी निवडतात. परंतु करवत हाती घेण्यापूर्वी एक महत्त्वाचा निर्णय घ्यावा लागतो : आराखडा कोणता निवडायचा? घरातले कपाट थोडे तिरपे झाले तरी चालून जाते. होडीचा दोष मात्र पाण्यात उतरल्यावरच कळतो आणि तेव्हा प्रश्न जिवाचा असतो. हा निर्णय विचारपूर्वक कसा घ्यावा, ते या पाठात पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• होडीचा आराखडा निवडताना कोणते प्रश्न विचारावेत, हे सांगू शकाल;
• होडीचा आकार आणि तिचे वर्तन यांतील संबंध स्पष्ट करू शकाल;
• बांधणीच्या तीन पद्धतींची तुलना करू शकाल;
• एखादा निर्णय कारणे देऊन लिहू शकाल.

मूळ पाठ

१. पाणी कोणते?

पहिला प्रश्न होडीचा नसून पाण्याचा आहे. जबलपूरच्या परिसरात एकाच नर्मदेची तीन निरनिराळी रूपे दिसतात. शहराच्या वरच्या बाजूस बरगी धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. तेथे वाऱ्याला अडवणारे फारसे काही नाही. त्यामुळे लाटा उठतात आणि काठ दूर राहतो. या पाण्यासाठी सरळ चालणारी, लांब होडी हवी. घाटांजवळ पाणी उथळ असते, तळाशी दगड असतात, भोवती इतर होड्यांची वर्दळ असते. तेथे आखूड, मजबूत तळाची आणि चटकन वळणारी होडी उपयोगी पडते. तिसरे रूप भेडाघाटचे. धुआंधार धबधब्याखाली नदी उंच कड्यांमधून वाहते. कड्यांमधले पाणी संथ दिसते, पण दोन्ही बाजूंना सरळ भिंती असल्यामुळे होडी उलटली तर काठावर चढण्याच्या जागा थोड्याच मिळतात.

धबधब्याजवळच्या खळाळत्या पाण्यासाठी घरी बांधलेल्या पातळ लाकडी होडीचा विचारच करू नये. पावसाळ्यात भेडाघाटचा नौकाविहारही बंद ठेवतात. धरणातून पाणी सोडले की खालची पातळी झपाट्याने वाढते. म्हणूनच आराखडा निवडणाऱ्याने आधी नदीकाठच्या नावाड्यांशी बोलावे. कोणत्या महिन्यात पाणी कसे असते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

२. बसणारा कोण?

कयाक मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील इन्युइट लोकांची. तेथे झाडे फारशी नाहीत. समुद्राने वाहून आणलेले लाकूड आणि प्राण्यांची हाडे यांचा सांगाडा करून त्यावर ते सीलसारख्या प्राण्यांचे कातडे ताणून बसवीत. त्यांच्याजवळ कागदावरचे आराखडे नव्हते. ग्रीनलंडमध्ये एक प्रचलित माप असे : लांबी पसरलेल्या दोन हातांच्या अंतराच्या तिप्पट, तर रुंदी कमरेच्या रुंदीपेक्षा दोन मुठी अधिक. शिंपी जसा अंगाचे माप घेऊन सदरा शिवतो, तशीच ही होडी तिच्या धन्याच्या मापाने घडत असे.

आजही हे तत्त्व खरे आहे. आर्किमिडीजच्या सिद्धांतानुसार तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. समजा, होडी २५ किलो, माणूस ७५ किलो आणि सामान २० किलो आहे. एकूण भार १२० किलो झाला. तो पेलण्यासाठी सुमारे १२० लिटर पाणी बाजूस सारले जावे लागते. प्रत्येक चांगल्या आराखड्यावर तो किती भारासाठी केला आहे, हे लिहिलेले असते. भार जास्त झाला, तर होडी खोल बुडते आणि लाटा आत येतात. भार फार कमी झाला, तर ती पाण्यावर उंच राहते आणि वारा तिला भरकटवतो.

३. आकाराचा स्वभाव

होडीच्या आकारात एक गुण मिळवायचा, तर दुसऱ्या गुणाचा काही अंश सोडावा लागतो. सुमारे पाच मीटर लांब आणि ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद कयाक वेगाने आणि सरळ जाते, पण ती सहज वळत नाही आणि नवख्याला डळमळीत वाटते. साडेतीन मीटर लांब आणि ७० ते ७५ सेंटिमीटर रुंद कयाक शांत पाण्यात स्थिर असते, पण दूरच्या प्रवासात दमवते.

तळाच्या आकाराचेही तसेच. सपाट तळ संथ पाण्यात भक्कम आधार देतो, मात्र बाजूने लाट आली की तो लाटेच्या उतारासोबत कलतो. उतरत्या, टोकदार तळाची होडी सरळ रेषेत चालते. गोल तळ पाणी सहज कापतो, पण सुरुवातीला झुलतो. म्हणून ‘सर्वोत्तम होडी कोणती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘या पाण्यासाठी, या माणसासाठी, या कामासाठी योग्य होडी कोणती?’ असे विचारले, तरच उत्तर सापडते.

४. हात आणि साहित्य

पाणी आणि माणूस ठरल्यावर बांधणाऱ्याच्या कौशल्याचा विचार येतो. घरगुती बांधणीच्या तीन पद्धती प्रचलित आहेत.

पहिली सांगाड्याची. लाकडी सांगाडा करून त्यावर आता कातड्याऐवजी कापड ताणतात व त्याला जलरोधक लेप देतात. ही होडी हलकी असते, पण टोकदार दगडांपासून तिला जपावे लागते.

दुसरी शिवून चिकटवण्याची. प्लायवुडचे कापलेले भाग तांब्याच्या तारेने टाके घालून जोडतात आणि सांध्यांवर इपॉक्सी व काचतंतूंची पट्टी बसवतात. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘मिरर’ नावाच्या लहान शिडाच्या होडीमुळे ही पद्धत घरोघरी पोचली. नवख्यासाठी ती सर्वांत सोयीची ठरते. मात्र प्लायवुड साधे नको. भारतीय मानक आय.एस. ७१० नुसार बनवलेले सागरी प्लायवुडच घ्यावे. साधे प्लायवुड ओलाव्याने सुटू लागते.

तिसरी पट्ट्यांची. लाकडाच्या अरुंद पट्ट्या साच्यावर शेजारी शेजारी चिकटवून होडीचा गोलाकार देह घडवतात आणि आतून-बाहेरून काचतंतूंचे कापड व इपॉक्सी चढवतात. ही होडी अत्यंत देखणी होते, पण वेळ आणि संयम फार लागतो.

५. ‘म्हादेई’चा धडा

निवडीचे एक मोठे उदाहरण गोव्यात सापडते. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा प्रकल्प भारतीय नौदलाने हाती घेतला आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी ती जबाबदारी स्वीकारली. नौका भारतातच बांधायची होती. दोंदे यांनी नवाकोरा आराखडा करवून घेण्याऐवजी नेदरलँड्समधील ‘व्हॅन डी स्टाट’ या संस्थेचा ‘टोंगा ५६’ हा तयार आराखडा निवडण्यात आला. दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात सुमारे ५६ फूट लांबीची ही नौका घडली. तिचा देह लाकडाचा गाभा आणि त्यावर काचतंतूंचे थर अशा पद्धतीचा आहे, म्हणजे घरगुती पट्ट्यांच्या कयाकचीच ही थोरली बहीण म्हणावी. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघालेले दोंदे १९ मे २०१० रोजी परतले. अशी एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून न थांबता प्रदक्षिणा केली. त्याच आराखड्यावर बांधलेल्या ‘तारिणी’ने २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना जगाभोवती नेऊन आणले.

याउलट, नौदलात २१ मे २०२५ रोजी दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’ या शिवलेल्या जहाजासाठी आराखडाच उपलब्ध नव्हता. आधार होता तो अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजाचा. पण चित्र म्हणजे आराखडा नव्हे. म्हणून आय.आय.टी. मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या चाचण्या घेऊन आकार तपासावा लागला.

ज्याच्याजवळ परीक्षेची साधने आहेत, त्याने नवा आकार शोधावा. घरी बांधणाऱ्याची परीक्षा मात्र थेट नदीतच होते. त्याने सिद्ध आराखडा घ्यावा, त्याची मापे मनाने बदलू नयेत, दोन्ही टोकांना बंद हवाकोष ठेवावेत आणि जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय पाण्यात उतरू नये. पहिली होडी वेगवान नसली तरी चालेल. ती घरी सुखरूप परत आणणारी असली पाहिजे.

शब्दार्थ

आराखडा – बांधणीपूर्वी काढलेले मापांसह चित्र
पैलतीर – नदीचा पलीकडचा काठ
काचतंतू – काचेपासून काढलेले बारीक धागे
जलरोधक – पाणी आत येऊ न देणारे
सिद्ध – पारखून खरे ठरलेले

पाठगत प्रश्न

१. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) ग्रीनलंडमधील कयाकची लांबी हातांच्या पसरलेल्या अंतराच्या ______ असे. (दुप्पट / तिप्पट)
(आ) ‘टोंगा ५६’ या आराखड्यावर ______ ही नौका बांधली. (म्हादेई / कौंडिण्य)
२. चूक की बरोबर ते लिहा.
(अ) रुंद होडी अरुंद होडीपेक्षा वेगाने जाते.
(आ) भार फार कमी असल्यास वारा होडीला भरकटवतो.

तुम्ही काय शिकलात

• आराखड्याची निवड पाणी, माणूस, काम आणि कौशल्य यांवरून ठरते.
• प्रत्येक आकाराला गुणांबरोबर मर्यादाही असतात.
• ज्याला चाचणीची सोय नाही, त्याने सिद्ध आराखड्यावर विसंबणे शहाणपणाचे असते.

स्वाध्याय

१. बरगी जलाशय आणि घाटांजवळचे पाणी यांसाठी निरनिराळे आराखडे का हवेत, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. ‘चित्र म्हणजे आराखडा नव्हे’ हे विधान ‘कौंडिण्य’च्या आधारे स्पष्ट करा.
३. घर, दुकान किंवा शेतीसाठी तुम्ही घेतलेला एखादा निर्णय कारणांसह लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) तिप्पट (आ) म्हादेई
२. (अ) चूक (आ) बरोबर