थोरला खुजा का राहिला?

नांदूरघाट परिसरातील आई-बापहो,

बाजारात दोन भाऊ आईचा पदर धरून उभे असतात. बघणारी विचारते, "ह्यातला थोरला कोन्ता गं?" थोरला मान खाली घालतो. तो सहा वर्षांचा. साडेचार वर्षांचा धाकटा त्याच्याहून बोटभर उंच. असे का झाले?

कधी हा अंगलटीचा भाग असतो. एक आईवर जातो, दुसरा बापावर. मुली दहा-अकराव्या वर्षी झपाट्याने वाढतात, मुलगे साधारण दोन वर्षे मागून. त्यात काळजीचे काही नाही.

पण पुष्कळदा कारण वेगळे असते. थोरला नऊ महिन्यांचा असतानाच आईला पुन्हा दिवस गेले. त्याचे अंगावरचे दूध तुटले. पुढे कोयता घेऊन आई-बाप उसाच्या फडावर. लेकराच्या वाट्याला कोरडी भाकर. धाकट्याच्या पाठीवर कोणी आले नाही. तो दोन वर्षे दूध प्याला, वाढला.

हे जगभर घडते. आफ्रिकेतील घाना देशात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली अशा सुजलेल्या, खुरटलेल्या लेकरांचा आजार नोंदवला. तिथल्या लोकांनी त्याला नावच दिले होते: पुढचे बाळ आले की आधीच्याला जडणारा आजार!

पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंत, म्हणजे पहिल्या १००० दिवसांत खुंटलेली उंची पुढे भरून निघणे कठीण. म्हणून एवढे करा:

१. बाळंतपणानंतर किमान दोन वर्षे पुन्हा दिवस जाऊ देऊ नका. म्हणजे दोन लेकरांत जवळजवळ तीन वर्षांचे अंतर पडते.

२. त्यासाठी निरोध, तांबी, छाया गोळी, दर तीन महिन्यांनी अंतरा इंजेक्शन ही साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तांबी हवी तेव्हा काढता येते. कोणते साधन घ्यायचे, ते नवरा-बायकोने मिळून ठरवावे.

३. सहा महिने फक्त अंगावरचे दूध. नंतर वरणभात, खिचडी, अंडे द्या आणि दोन वर्षांपर्यंत दूधही चालू ठेवा.

४. अंगणवाडीत वजन-उंची मोजून घ्या. ऊसतोडीला निघण्याआधी आशाताईंना सांगा, पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहून घ्या.

आणि थोरल्याला "बुटक्या" म्हणू नका. उणीव त्याची नव्हती, अंतराची होती.

पहिल्याला पोटभर वाढू द्या, मगच दुसऱ्याला येऊ द्या!