शेवग्याचं पिवळं पान काय मागतं?

ताईंनो, पावसाळा लागला की ग्रामसंघाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: ‘शेवग्याची पानं पिवळी पडली, युरिया टाकू का?’ मीही एका वर्षी कोणाला न विचारता बुडाशी दोन मुठी युरिया टाकला होता. नवे शेंडे आणखीच पांढुरके निघाले. झाडाला भूक लोहाची होती अन् मी वाढलं नत्र.

पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळं. या हरितद्रव्याच्या कणात मधोमध मॅग्नेशियम बसलेलं असतं आणि त्याला चार बाजूंनी नत्र धरून असतं. लोह त्या कणात नसतं, पण लोहाशिवाय झाडाला हरितद्रव्य तयारच करता येत नाही. चुलीतला जाळ भाकरीत नसतो, पण जाळाशिवाय भाकरी भाजत नाही, तसंच हे. त्यामुळं तिघांपैकी कोणीही कमी पडलं तरी पान पिवळंच होतं. मग ओळखायचं कसं? आधी बघा, पिवळेपणा झाडावर कुठून सुरू झाला.

नत्र झाडात फिरतं. कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्या शेंड्याला देतं, जशी आई आपल्या ताटातलं लेकराला देते. म्हणून खालची जुनी पानं आधी, सगळीच्या सगळी फिकट पिवळी होऊन गळतात. मॅग्नेशियमही असंच फिरतं, पण त्यात जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. लोह मात्र एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही. म्हणून लोह कमी असलं की खालची पानं हिरवीगार अन् वरचा कोवळा शेंडा पिवळा, त्यात हिरव्या शिरांची जाळी. शेंडा शिरांसकट एकसारखा पिवळा असेल तर गंधकाचा संशय घ्यावा.

वाशीम जिल्ह्यात शेंड्याचा हा पिवळेपणा जास्त दिसतो. सोयाबीनमध्ये तर पावसाळ्यात आपण सगळ्याच तो पाहतो. आपल्या काळ्या मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळं ते मुळांना घेता येत नाही. त्यात पाणी साचलं की मुळं गुदमरतात. आणि एक सवय आपली: चुलीची राख रोज शेवग्याच्या बुडाशी. चुनखडीच्या मातीत राखेनं लोह आणखी अडकतं, अन् राखेतल्या पालाशामुळं मॅग्नेशियमही मुळांना कमी मिळतं. राख थोडी-थोडी उकिरड्यावर पसरून टाका. आधी चर काढून साचलेलं पाणी काढा, बुडाशी कुजलेलं शेणखत द्या.

एवढ्यानं शेंडा सुधारला नाही तर हिराकस फवारावा. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस, त्यात अर्धं लिंबू पिळायचं, ऊन उतरल्यावर फवारायचं. हिराकस फिकट हिरवा असावा. तांबूस झाला असेल तर तो जुना, घेऊ नका. खायची पानं आधी तोडून घ्या, मग फवारणी करा, आणि पुढची तोडणी नव्या फुटव्याचीच, धुऊन.

आता खाण्याचं. बऱ्याच जणींना वाटतं, अ जीवनसत्त्व देणारं द्रव्य पिवळं असतं, गाजरात असतं, मग पिवळ्या पानातही ते जास्तच असेल. उलट आहे, बरं का. हे पिवळं द्रव्य म्हणजे कॅरोटीन. ते पानात हरितद्रव्याच्या शेजारीच राहतं, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेलं असतं. उपाशी पानातून हिरवं आधी जातं, म्हणून पिवळं उघडं पडतं. पण तेही कमी झालेलंच असतं. डोळ्यांसाठी, लेकरांसाठी शेवग्याचा पाला घ्यायचा तो गर्द हिरवाच.

पण युरिया ओतून आणलेला हिरवेपणा नको. युरियात 46 टक्के नत्र असतं. जास्त झालं की पान लुसलुशीत, पाणचट होतं, त्यात नायट्रेट साचतं आणि माव्याला आमंत्रण मिळतं.

ज्या गटांना पाल्याची पावडर करायची आहे त्यांनी पानं सावलीत, पातळ पसरून वाळवावीत. कडक उन्हात कॅरोटीनही जातं आणि हिरवा रंगही. आणि अंबाडीची भाजी शिजताना खाकी का होते, हे विचारणाऱ्या ताईंना उत्तर: आंबटपणा हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम बाहेर काढतो. म्हणून शेवग्याच्या भाजीत लिंबू पिळायचं ते उतरवल्यावर. त्यानं रंग टिकतो आणि भाजीतलं लोहही अंगी जास्त लागतं.

माती तपासून घ्यायची असेल तर रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. मृद आरोग्य पत्रिकेवर 12 बाबी असतात. लोह, गंधक त्यात आहेत, मॅग्नेशियम नाही. त्यासाठी खालची पानं आपणच बघायची.