चिकणमातीची ओळख आणि श्रीवर्धनच्या वाड्या

दिनांक ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर आणि आसपासच्या गावांतील नारळी-पोफळीच्या वाड्या अक्षरशः भुईसपाट झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या झाडांवर पिकत होती, ती दोन-दोन पिढ्यांची झाडे काही तासांत मोडून पडली. त्यानंतर वाड्यांची साफसफाई झाली, रोपे आली, खड्डे खणले गेले. पोफळ लावल्यापासून फळ धरावयास साधारणपणे सहा-सात वर्षे लागतात. खड्डा चुकीच्या जागी किंवा चुकीच्या रीतीने खणला असेल, तर ती चूक बागायतदाराच्या ध्यानात येते ती पाच-सहा वर्षांची मेहनत खर्ची पडल्यानंतर. म्हणून पुनर्लागवडीच्या कामात रोपाच्या जातीइतकीच मातीची जात महत्त्वाची ठरते. मातीचा विचार मात्र पुष्कळदा केलाच जात नाही.

श्रीवर्धन तालुक्यात एकच एक माती नाही. समुद्रालगत पुळणीची रेवट जमीन आहे. डोंगरमाथ्यावर जांभा आणि उतारावर त्याची तांबडी, निचऱ्याची वरकस जमीन आहे. आणि या दोहोंच्या मधल्या सखल भागात, ओढ्यांच्या काठी व खाडीच्या अंगाने डोंगरावरून वाहून आलेल्या बारीक गाळाची चिकण जमीन आहे. एकाच वाडीचा समुद्राकडील भाग रेवट आणि मागील भाग चिकण असणे हेही येथे नवल नव्हे. अशा वाडीला सरसकट एकच पाणी आणि एकच खत देणे म्हणजे अर्ध्या झाडांवर अन्याय करणे होय.

चिकणमाती म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. ०.००२ मिलीमीटरपेक्षा लहान व्यासाच्या कणांना मृत्तिकाशास्त्रात चिकण कण म्हणतात. वाळूचा कण डोळ्यांना दिसतो. चिकण कण साध्या सूक्ष्मदर्शकालाही नीट दाद देत नाही. हे कण पापुद्र्यासारखे चपटे असून त्यांचा एकूण पृष्ठभाग थक्क करणारा असतो. जांभ्या मातीत आढळणाऱ्या केओलिनाइट या चिकण खनिजाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग दहा-वीस चौरस मीटर भरतो, तर काळ्या जमिनीतील माँटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमचा तो सातशे-आठशे चौरस मीटरपर्यंत जातो. या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला चुना, मॅग्नेशियम, पालाश यांसारखी अन्नद्रव्ये चिकटून राहतात. पुळणीत घातलेले खत पहिल्या पावसात वाहून जाते. चिकण जमीन ते धरून ठेवते. तेव्हा चिकण जमीन ही नापीक जमीन नव्हे. तिचे दुखणे उपासमारीचे नसून गुदमरण्याचे आहे. कणांमधील पोकळ्या इतक्या सूक्ष्म असतात की पाणी त्यांतून हलत नाही, आणि जेथे पाणी हलत नाही तेथे हवा शिरत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे पोफळीच्या मुळांवर आषाढ-श्रावणात काय प्रसंग येत असेल याची कल्पना येते.

माती ओळखण्यासाठी प्रयोगशाळेचीच आवश्यकता आहे असे नाही. मूठभर माती ओली करून, मळून तिची वळी करावी. ती पेन्सिलीपेक्षा बारीक होऊनही तुटली नाही आणि तिचे कडे करता आले, तर माती चिकण आहे. वळी होताहोताच मोडली तर ती पोयट्याची किंवा रेवट आहे. दुसरी पद्धत शाळेच्या वर्गात सहज करण्याजोगी आहे. काचेच्या उभ्या बाटलीत एक तृतीयांश माती, उरलेले पाणी आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घालून ती चांगली हलवावी व स्थिर ठेवावी. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत बसतो, आणि चिकण कण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवतात. थरांची जाडी पट्टीने मोजली की विद्यार्थ्यांना आपल्या गावच्या मातीचे प्रमाण स्वतः काढता येते. पुस्तकातील धड्यापेक्षा हा धडा अधिक काळ स्मरणात राहतो, असा शिक्षकांना अनुभव येईल.

तिसरी परीक्षा निचऱ्याची असून बागायतदाराच्या दृष्टीने तीच निर्णायक आहे. हातभर खोल खड्डा पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि तासाभरात पाणी किती उतरते ते पाहावे. तासाला अडीच सेंटिमीटरही उतरत नसेल तर निचरा कमी समजावा. मात्र ही परीक्षा केवळ वैशाखात करून थांबणे उपयोगाचे नाही. त्या वेळी भूजल खोल गेलेले असते व जमिनीला भेगा असतात, त्यामुळे पाणी भराभर जिरते आणि फसगत होते. त्याच जागी श्रावणात एक मीटर खोल खड्डा घेऊन पाणी कोठवर उभे राहते ते पाहावे. मुळांना कोरडी जागा तेवढीच मिळणार आहे.

आता लागवडीचा खड्डा. पोफळीसाठी २.७ मीटर अंतराची शिफारस रूढ आहे, व निचऱ्याच्या जमिनीत खड्डा जितका खोल तितका बरा मानला जातो. चिकण जमिनीत हाच नियम घातक ठरतो. घट्ट चिकणमातीत खोल खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती व शेणखत भरले, की जमिनीत एक रांजणच पुरल्यासारखे होते. भोवतालचे पाणी त्यात उतरते, बाहेर जावयास वाट राहत नाही आणि रोपाची मुळे कुजतात. म्हणून अशा जागी लागवड उथळ ठेवावी, रोप शक्य तो उंचवट्यावर लावावे आणि ओळींच्या दरम्यान चर काढावेत. चराचा तळ खड्ड्याच्या तळापेक्षा खोल असावयास हवा. तसा नसेल तर चर केवळ शोभेचा. त्याचे तोंड कोठे सोडावयाचे हा प्रश्न मात्र एकट्या बागायतदाराचा राहत नाही. एका वाडीचा चर शेजारच्या वाडीत उघडला की तंटा उभा राहतो. जुन्या वहाळी बुजवून घरे व रस्ते झाले आहेत तेथे पाण्याची वाट मोकळी करून देणे हे ग्रामपंचायतीचेच काम आहे, आणि ते पावसाळ्यापूर्वी व्हावयास पाहिजे.

चिकणमातीत वाळू मिसळली की ती मोकळी होते, हा समज सर्वत्र आढळतो. पुळणीच्या जमिनीत गाळाची माती घालणे लाभदायक असते, म्हणून त्याच्या उलटही खरे असावे असे वाटते. परंतु थोडी वाळू चिकण कणांत रुतून बसते व उन्हात विटेसारखे ढेकूळ तयार होते. फरक पडावयास वाळू मातीच्या बरोबरीने किंवा त्याहून अधिक लागते, आणि तेवढी वाळू किनाऱ्यावरून उचलणे हे बेकायदेशीर व किनाऱ्याला घातक आहे. चिकण कणांना रवाळ करणारी खरी वस्तू सेंद्रिय पदार्थ हीच होय. शेणखत, गिरीपुष्पाचा पाला, कुजलेल्या झावळ्या यांपासून बनणारा डिंकासारखा पदार्थ कणांचे रवे बांधतो, आणि गांडुळांची बिळे पाण्याला वाट देतात. हे काम एका वर्षात होत नाही. दरवर्षी थर घालीत राहावे लागते. ओल्या चिकण जमिनीत पाय किंवा नांगर घालू नये, हे पथ्यही तितकेच महत्त्वाचे. भातासाठी चिखलणी करून ज्या पोकळ्या हेतुतः बुजवल्या जातात, त्याच पोकळ्या पोफळीला हव्या असतात.

खाडीकाठच्या खार जमिनींचा प्रश्न वेगळा आहे. तेथील चिकणमातीत समुद्राच्या पाण्यातील सोडियम शिरलेले असते आणि सोडियममुळे कण एकमेकांपासून सुटे होऊन जमीन अधिकच घट्ट बसते. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसायमनपेक्षा अधिक असेल तर जमीन क्षारयुक्त मानतात. बांध व उघाडी शाबूत असतील तर भरतीचे पाणी बाहेर राहते व कोकणचा पाऊसच क्षार धुऊन नेतो; बांध फुटला तर सारे मुसळ केरात. याच कारणाने १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा व पुढे १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम अस्तित्वात आला. जिप्समचा उपयोग सोडियमयुक्त जमिनीतच होतो. डोंगराकडील आम्लधर्मी चिकण जमिनीत ते टाकून आम्लता कमी होत नाही. तेथे माती परीक्षणानुसार चुना लागतो. खार जमिनीसाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २ व ३ या भाताच्या जाती दिल्या आहेत, आणि पोफळीविषयीच्या मार्गदर्शनासाठी कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धन येथेच आहे.

परीक्षणासाठी नमुना घेताना वाडीतील रेवट व चिकण भागांची माती एकत्र करू नये. प्रत्येक भागातून आठ-दहा ठिकाणची माती घेऊन, मिसळून, सावलीत वाळवून अर्धा किलो ठेवावी. फळझाडांसाठी एक, दोन व तीन फुटांच्या थरांचे नमुने वेगवेगळे घ्यावेत, कारण वर पोयटा आणि दोन फुटांखाली घट्ट चिकणमाती अशी जमीन खाडीलगतच्या सखल भागात आढळते व ती वरून ओळखू येत नाही.

जेथे इतके करूनही निचरा साधत नाही, तेथे पोफळीचा हट्ट सोडलेला बरा. अशा जमिनीत भात घ्यावे आणि कापणी होताच, ओल उडून जाण्यापूर्वी, वाल पेरावेत. पावसाळ्यात मुळांना गुदमरवणारी हीच माती थंडीच्या दिवसांत आपली ओल पुरवून पुरवून देते, आणि एकही पाणी न देता रायगडच्या शेतकऱ्याच्या घरी वाल येतात.