प्रतिध्वनीच्या ठिपक्यांचे गणित

'सोनोग्राफी' हा शब्द आता महाड-पोलादपुरातही घरोघरी परिचित आहे. स्तनाच्या तपासणीत सेकंदास सुमारे एक कोटी कंपने पावणारा, मनुष्याच्या कानास अगम्य असा ध्वनी शरीरात सोडतात आणि परतणाऱ्या प्रतिध्वनींपासून करड्या ठिपक्यांचे चित्र उमटते. पाणी भरलेली गाठ काळी दिसते, कारण तिच्यातून प्रतिध्वनी जवळजवळ येतच नाही. भरीव गाठ मात्र निरुपद्रवी की कर्करोगाची, हे नुसत्या डोळ्यास पुष्कळदा उमगत नाही.

येथे संख्याशास्त्र साहाय्यास येते. प्रत्येक ठिपक्यास काळ्यासाठी ० पासून पांढऱ्यासाठी २५५ पर्यंत अंक देतात. समजा, चित्राच्या एका भागात ४०, ४२, ४१, ३९, ३८, ४० हे अंक आहेत व दुसऱ्यात १०, ७०, २५, ५५, ५, ७५. दोहोंची सरासरी ४०च! तरी पहिला भाग सपाट, दुसरा खडबडीत. वर्षाचा पाऊस ३६५ दिवसांत सारखा वाटला, तर त्या सरासरीत जुलै २०२१ मधील सावित्रीचा महापूर दिसेल काय? म्हणून अंकांचा विस्तार, शेजारच्या ठिपक्यांचा परस्परसंबंध, गाठीच्या कडेचा आकार, हे सारे मोजावे लागते. अशी अनेक मापे एकत्र घेऊन अंतर काढण्याची रीत प्रशांतचंद्र महालनोबिस ह्या आपल्याच देशाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली मांडली. अशा वर्गीकरणात तीही उपयोगी पडते. तथापि संगणक केवळ शंका दाखवितो. निर्णय होतो तो सुईने काढलेल्या तुकड्याच्या सूक्ष्मदर्शक तपासणीने.

पण यंत्रापर्यंत कोणी गेलेच नाही तर? ही गाठ आरंभी बहुधा दुखत नाही, आणि लाजेने महिने निघून जातात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित सेविका दर दोन वर्षांनी, केवळ हातांनी, अशी चार वेळा करीत. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशी व तिच्यापुढील स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयांत मिळून घट १५ टक्के दिसली, परंतु ती योगायोगाचीही असू शकेल, आणि पन्नाशीच्या आत लाभ सिद्ध झाला नाही. ह्यावरून तरुण स्त्रीने गाठ दाखवू नये, असे मात्र मुळीच ठरत नाही. तो अभ्यास सरसकट तपासणीचा होता, हातास गाठ लागलेल्या स्त्रीचा नव्हे.