सॉल्ट बाथ : पोलादाची कठिणता व दक्षता

इंदूरसारख्या उद्योगनगरीत दंतचक्रे, आस इत्यादी पोलादी भाग वितळलेल्या लवणाच्या कुंडात, म्हणजेच ‘सॉल्ट बाथ’मध्ये, तापवून कठीण करतात. लवणात हवा लागत नसल्याने पोलादावर पापुद्रा धरत नाही व उष्णता सर्वत्र सारखी पोहोचते. सायनाइडयुक्त लवणात सुमारे ८५० अंश सेल्सिअसला कार्बन व नायट्रोजन पृष्ठभागात शिरतात. भाग पाण्यात किंवा तेलात विझविल्यावर पृष्ठभाग कठीण होतो, गाभा चिवट राहतो.

ओला भाग कुंडात सोडल्यास तप्त लवण उसळते. म्हणून तो आधी कोरडा व गरम करावा.

कृष्णपुरा छत्र्यांलगतची खान नदी पुढे क्षिप्रेस मिळते. सायनाइडचे धुवण अल्कधर्मी करून क्लोरीनने निर्विष केल्यावाचून अशा नदीत सोडणे म्हणजे खालच्या गावांच्या पाण्यात विष कालविणेच होय.