मळ्यातल्या पिल्लाविषयी भाचीस पत्र



जुन्नरच्या द्राक्षमळ्यावर पाच महिन्यांचे पिल्लू आणले गेले असून ते दिसेल ते तोंडात घालते, आणि त्यावर घरात सध्या चाललेला एकमेव उपाय म्हणजे त्याच्यावर ओरडणे, असे कळले. हा उपाय निरुपयोगी तर आहेच, पण घातकही आहे, आणि तो का घातक आहे हे आधी समजून घेतले पाहिजे. कुत्र्याला 28 दुधाचे दात असतात, ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास 42 कायमचे दात पुरे होतात. या मधल्या काळात हिरड्या शिवशिवत असल्यामुळे चपला, ठिबकच्या नळ्या, खाटेचे पाय असे जे जे दाताखाली येईल ते चावले जाते. शिवाय माणूस एखादी अनोळखी वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहतो, तीच चौकशी कुत्र्याला नाकाने आणि तोंडाने करावी लागते, त्यामुळे ज्याला खोडी म्हटले जाते तिच्यात पुष्कळसा भाग चौकशीचा असतो. तोंडात काही धरले की माणसे आरडाओरडा करत अंगावर धावून येतात, हे पिल्लू दोन-तीन प्रसंगांतच शिकते, आणि पुढच्या वेळी वस्तू हिसकावली जाण्याआधी ती गिळून टाकते. चावलेली चप्पल टाकून देता येते. गिळलेली आंब्याची कोय मात्र पोट फाडून काढावी लागते.

म्हणून पिल्लाला शिकवायचा पहिला शब्द ‘बस’ नव्हे, तर ‘सोड’ असावा. पिल्लाच्या तोंडात त्याची रोजची दोरी किंवा चेंडू असताना उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा त्याच्या नाकाशी धरावा, वासाने जबडा सैल झाला की त्याच क्षणी शांत आवाजात ‘सोड’ म्हणावे, तुकडा द्यावा, आणि खाली पडलेली दोरी पुन्हा त्यालाच द्यावी. ही शेवटची पायरीच बहुतेक घरांत गाळली जाते, आणि तिच्यावाचून सारे शिक्षण फुकट जाते. कारण सोडलेली वस्तू कायमची गेली असे नाही, हा विश्वास पिल्लाला बसला तरच एखाद्या दिवशी तोंडात खरोखर घातक वस्तू असताना ते थांबेल. हा शब्द घरातल्या सर्वांनी आणि मळ्यावरच्या गड्यांनीही एकाच स्वरात वापरावा. एकाने ‘सोड’ म्हणायचे आणि दुसऱ्याने काठी उगारायची, असे होऊ नये.

मळ्यावरचा सर्वांत मोठा धोका मळ्याचे पीकच आहे, आणि नेमका तोच घरात कुणाला धोका वाटत नाही. द्राक्षे, मनुके आणि बेदाणे खाल्ल्यावर काही कुत्र्यांची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत निकामी होतात: आधी उलट्या होतात, अन्न नकोसे होते, पिल्लू मलूल पडते आणि मग लघवी कमी होत होत बंद होते. याचे कारण पुष्कळ वर्षे उलगडत नव्हते; 2021 मध्ये अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे, म्हणजे द्राक्षाला त्याचा आंबटपणा देणाऱ्या आम्लाकडे, बोट दाखवले. हेच आम्ल चिंचेत भरपूर असते, तेव्हा चिंचेची आमटी किंवा चिंचेचा कोळही पिल्लाच्या पुढ्यात जाऊ नये. किती मणी खाल्ले म्हणजे बाधतात याचा भरवशाचा हिशेब नाही. द्राक्षातले आम्लाचे प्रमाण जातीप्रमाणे आणि पक्वतेप्रमाणे बदलते, आणि एका कुत्र्याला जे पचले ते दुसऱ्याला पचेलच असे नाही. ‘शेजारचा कुत्रा रोज खातो’ हा युक्तिवाद म्हणूनच मनावर घेऊ नये. विरळणीच्या आणि काढणीच्या दिवसांत मांडवाखाली मण्यांचा सडा पडतो, त्या दिवसांत पिल्लाला मांडवाखाली मोकळे सोडूच नये. फवारणीच्या दिवसांनाही हाच नियम लागू करावा, कारण भुरी आणि केवडा या रोगांवरच्या औषधांचे पाणी टाकीजवळच्या खड्ड्यात साचते आणि तहानलेले पिल्लू स्वच्छ भांडे सोडून आधी तिकडे जाते.

उंदरांच्या औषधाविषयी घरात स्पष्ट बोलणे झाले पाहिजे, कारण ते ठेवणारा एक असतो आणि पिल्लू सांभाळणारा दुसरा. बाजारात मिळणाऱ्या वड्या बहुधा रक्त गोठू न देणाऱ्या विषाच्या असतात. त्या खाल्लेले कुत्रे दोन-तीन दिवस अगदी धडधाकट दिसते आणि नंतर हिरड्यांतून, नाकातून किंवा छातीच्या आत रक्तस्राव सुरू होतो. यावर के-1 जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण तो काही आठवडे द्यावा लागतो आणि वेळेवर सुरू व्हावा लागतो. काळी पूड म्हणून मिळणारे झिंक फॉस्फाइड याहून वेगळे असते: पोटातल्या आम्लाशी मिसळले की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, आणि खाण्याने ते आम्ल वाढते, म्हणून त्यावर दूध-भाकरी खाऊ घालणे हा अपाय ठरतो, आणि अशा कुत्र्याला उलटी झाली तर माणसांनीही बंद खोलीत त्याच्याजवळ थांबू नये. कोणते औषध होते हे कळल्यावाचून डॉक्टरला उपचार ठरवता येत नाही, तेव्हा रिकामे पाकीटही फेकू नये.

शेततळ्याचा विचार मात्र थोडा सविस्तर केला पाहिजे, कारण ते आवारातच आहे. प्लास्टिकच्या कागदाचे अस्तर असलेल्या तळ्याचे काठ उतरते, ओले आणि शेवाळलेले असतात. पाणी प्यायला वाकलेले पिल्लू घसरून आत पडते, पोहत काठाशी येते, नखे कागदावरून निसटतात आणि ते पुन्हा आत जाते. कुत्र्याला पोहता येते हे खरे, पण येथे मरण येते ते दमून येते. तळ्याभोवती कुंपण असावेच, आणि त्याखेरीज चारही बाजूंना जाड दोराला बांधलेले जुने टायर किंवा गाठी मारलेली जाळी काठावरून पाण्याखाली हातभर जाईल अशी सोडलेली असावी, म्हणजे पंजाला धरायला काही मिळेल. ही सोय माणसांच्याही उपयोगाची आहे. ती या आठवड्यातच करून घ्यावी. पत्रातले बाकी सारे त्यानंतर केले तरी चालेल.

गिळलेल्या वस्तूंत आंब्याची कोय आणि मक्याचे बुरकूंड या दोन्हींचा धोका विशेष आहे. शिवनेरी हापूसच्या दिवसांत घरात कोयी पडतात आणि पावसाळ्यात नाणेघाटाच्या वाटेवर पर्यटकांनी टाकलेली भाजक्या कणसांची बुरकुंडे; दोन्हींना गोड, खमंग वास असतो, दोन्ही पचत नाहीत आणि आतड्यात अडकून बसतात. वारंवार उलटी, पोट ताठ होणे आणि शी न होणे अशी लक्षणे एकत्र दिसली की एक्स-रे काढण्यासाठी नारायणगाव किंवा पुणे गाठावे, उद्यावर ढकलू नये. सुतळी किंवा दोरा गिळला असून त्याचे टोक तोंडातून अथवा मागून लोंबत असेल तर ते कधीही ओढू नये, कारण आत ताणलेला दोरा आतड्याला करवतीसारखा कापतो.

रानातले धोके वेगळे आहेत. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबटे राहू लागले, हे जुन्नरकरांना सांगण्याची गरज नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली तेव्हा त्यांच्या भक्ष्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचाच आढळला. तेव्हा राखणीसाठी म्हणून पिल्लाला रात्री अंगणात साखळीने बांधणे म्हणजे त्याची पळण्याची वाट बंद करून त्याला बिबट्यापुढे ठेवणे होय. सूर्य मावळला की पिल्लू दाराच्या आत असावे, आणि रात्री शी-शूसाठी बाहेर काढायचे झाल्यास विजेरी, पट्टा आणि माणूस तिन्ही बरोबर असावे. बिबट्या मान पकडतो म्हणून धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. तो उपयोगी आहे, पण बंद दाराची जागा घेऊ शकत नाही. घोणस आणि नाग यांचा दंश कुत्र्याला बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो, कारण ते हुंगत पुढे जाते. जागा कापणे, आवळून बांधणे, हळद भरणे यांतले काहीही न करता पिल्लाला चालू न देता उचलून दवाखान्यात न्यावे. सर्पविषावरचा उतारा कुत्र्यालाही देता येतो.

गोचीड लहान दिसते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बॅबेसिया हे सूक्ष्म जीव रक्तात शिरतात आणि त्यातून बोलीत ज्याला गोचीड ताप म्हणतात तो आजार होतो: ताप, भूक मरणे, रक्त कमी होणे. रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या आत आणि गळपट्ट्याखाली हात फिरवावा, गोचीड सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, आणि त्याच वेळी ओठ वर करून हिरडी पाहण्याची सवय ठेवावी. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि सुमारे दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. ती मुळातच फिकट, पिवळसर किंवा निळसर दिसली, किंवा रंग परतायला वेळ लागला, तर पिल्लू खेळत असले तरी डॉक्टरकडे न्यावे. गोठ्यात म्हशींसाठी आणलेले गोचीडनाशक मात्र अंदाजाने पिल्लाच्या अंगाला चोळू नये. त्याची मात्रा त्याच्या वजनाप्रमाणे डॉक्टरनेच ठरवायची असते.

आणीबाणीतल्या घरगुती उपायांपैकी मीठ-पाणी पाजून उलटी करवणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट उपाय आहे, कारण त्या मिठाच्या विषबाधेनेच पिल्लू दगावू शकते. माणसांची तापाची आणि अंगदुखीची औषधेही त्याला देऊ नयेत. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन या दोन्हींनी कुत्र्यांना विषबाधा होते. वैशाखातल्या उन्हात पिल्लू धापा टाकत कोसळले तर त्याला सावलीत घेऊन अंगावर साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि तसेच ओल्या अंगाने दवाखान्यात न्यावे. कुत्र्याचे शरीर मुख्यतः धापेवरच थंड होते, म्हणून बंद गाडीत त्याला क्षणभरही ठेवू नये.

रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या वयात द्यायची असते, म्हणजे ती एव्हाना झालेली असली पाहिजे. झाली नसल्यास उद्याच द्यावी, आणि पावसाळ्यापूर्वी लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणाऱ्या आजाराची, लस झाली आहे की नाही हेही लसीच्या वहीत पाहावे. गड्यांची लहान मुले त्या पिल्लाशी दिवसभर खेळतात, आणि हे दोन्ही आजार माणसाला होतात. कुणाला दात लागला तर, पिल्लाला लस दिलेली असली तरीही, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा, हे त्या मुलांच्या आयांनाही सांगून ठेवावे.